अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक पदवीधर आणि निवासी प्रशिक्षणाचा प्रश्न

वैद्यकाची पदवी हाती आली म्हणजे मनुष्य डॉक्टर झाला, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेत मात्र पदवीनंतर रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळाल्याखेरीज स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. तेथे पदव्या दोन आहेत: एम.डी. आणि डी.ओ. (तेथील एम.डी. ही आपल्या एम.बी.बी.एस.सारखी पहिलीच पदवी होय.) यांपैकी डी.ओ. पदवीधरांचा इतिहास बोधप्रद आहे.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय काढले. एम.डी. डॉक्टरांच्या रुग्णालयांची दारे बंद असल्याने या पदवीधरांनी स्वतःची रुग्णालये उभारली आणि तेथेच प्रशिक्षणाची सोय केली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. परिणामी ते गावातच राहिले आणि आघाडीवर गेलेल्या डॉक्टरांचे रुग्ण त्यांच्याकडे आले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे २००० डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी देण्यात आली. त्याच वर्षी मतदारांच्या कौलाने नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाने देणे थांबले. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते पुन्हा सुरू झाले. तत्पूर्वी, १९६६ मध्ये, लष्करानेही दार उघडले होते.

पदवीचा झगडा असा मिटला. जागांचा प्रश्न मात्र उरला. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाच्या अशा अनुदानित जागांवर मर्यादा घातली. पूर्वी निवासी डॉक्टर न घेतलेल्या रुग्णालयाला मात्र नवा अभ्यासक्रम सुरू करून स्वतःची मर्यादा ठरवून घेता येते. म्हणूनच नवी महाविद्यालये लहान शहरांतील अशा रुग्णालयांशी हातमिळवणी करतात.

२०२० मध्ये दोन्ही पदव्यांच्या प्रशिक्षणाची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली. २०२५ मध्ये मुख्य जागावाटपात अंतिम वर्षाच्या ९२.६ टक्के डी.ओ. विद्यार्थ्यांना जागा मिळाली, एम.डी. विद्यार्थ्यांचे प्रमाण ९३.५ टक्के होते. अंतर थोडे दिसते. परंतु जागा मिळणे वेगळे आणि हवी ती जागा मिळणे वेगळे. त्वचारोग, मेंदूची शस्त्रक्रिया अशा शाखांत आजही एम.डी. पदवीधरांचाच भरणा आहे.

शिवाय हा आकडा सर्व महाविद्यालयांचा एकत्रित आहे. पहिली तुकडी उत्तीर्ण होईपर्यंत नव्या महाविद्यालयाला पूर्ण मान्यताही नसते. शिफारस करणारे माजी विद्यार्थीही नसतात. तेव्हा विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्या शिक्षकाने सरासरीवर विसंबू नये. शेवटची दोन वर्षे विद्यार्थी कोणत्या रुग्णालयांत शिकणार आणि त्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांच्या जागा किती, हे आधी विचारावे. कर्क्सव्हिलच्या पदवीधरांनी प्रथम रुग्णालये बांधली, ती याच कारणासाठी.