पाट्टी

मामा आजीला ‘पाट्टी’ म्हणायचा. आम्हा मुलांना वाटायचं, पाटी. मासेवालीच्या डोक्यावर असते ती. आजी बुटकी आणि रुंद होती, त्यामुळे ते नाव तिला शोभायचंही. पडवीतून ‘गे पाट्टी, चाय दी गे’ अशी हाक आली की आतून आजी म्हणायची, ‘मेल्या, पाटी कोणाक म्हणतस?’ आणि चहा घेऊन बाहेर यायची. त्याआधी तो तिला ‘आये’ म्हणत असे. पाट्टी सुरू झालं ते १९८८च्या मे महिन्यात, तो श्रीलंकेहून रजेवर आला तेव्हापासून. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आमचं आजोळ सावंतवाडीच्या बाजूला, आंबोलीच्या घाटाखाली. घाट चढून गेलं की पुढे बेळगाव, आणि बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आमच्याकडे दोनच पिकं येतात, भात आणि भरती, असं आजोबा म्हणत. त्यांचे एक चुलते दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले होते. तिथली थंडी, डोंगरातली खेचरं, द्राक्षांचे मळे हे सगळं आजोबा असं सांगत, की जणू स्वतःच जाऊन आले होते. मामाच्या लढाईबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. मामा तर नाहीच. मला जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, थोडं आईकडून, थोडं आजोबांकडून, थोडं मामी भाजी निवडताना पुटपुटली त्यातून. ते जोडताना माझ्या पदरचंही काही मिसळलं असेल.

श्रीलंकेत १९८३च्या जुलैमध्ये तमिळांची कत्तल झाली आणि यादवी पेटली. १९८७च्या उन्हाळ्यात सरकारी फौजांनी उत्तरेकडे मोहीम काढली, तेव्हा जाफन्यातल्या लोकांचे अन्नाचे हाल व्हायला लागले. आपल्याकडून मदतीच्या होड्या गेल्या, त्या तिथल्या आरमारानं परतवल्या. मग दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, आपल्या वायुसेनेच्या विमानांनी जाफन्यावर आकाशातून धान्य टाकलं. त्या कामगिरीचं नाव होतं पूमालै, म्हणजे फुलांची माळ. आजोबांनी रेडिओवर ती बातमी ऐकली आणि समोरच्या माणसाला पान लावून दिलं, असं आई सांगते. उपाशी माणसाला जेवायला घालणारी फौज त्यांना फार आवडली होती.

२९ जुलैला कोलंबोत करार झाला, आणि लगेच आपली शांतिसेना पलालीच्या विमानतळावर उतरू लागली. मामा त्यात होता, नाईक म्हणून. हुकूम सरळ होता. तमिळ लोकांना राखायचं आणि बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायची. मामाचं एक वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. श्रीलंकेचा विषय निघाला की तो म्हणायचा, ‘आमी थंय राखूक गेल्लंव.’ एवढं बोलून तो उठायचा आणि गोठ्याकडे जायचा.

पहिल्या दोन महिन्यांतली त्याची पत्रं आजीनं जपून ठेवली होती. निळी आंतर्देशीय पत्रं, पत्त्यात गाव नाही, नुसतं ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ त्या पत्रांत लढाई नाहीच. माती आपल्यासारखी लाल आहे. माड आहेत, पण ताड त्याहून जास्त. विहिरींना पाणी गोड. कुंपणं झापांची. लोकांनी आम्हाला हार घातले. आणि एका पत्रात, पेन जरा दाबून लिहिलेलं, ‘आये, हंयसर पण शिरवाळे करतत.’

शिरवाळे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांना थोडं सांगायला हवं. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे गरम पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. खाली पांढऱ्या शेवांची चवड पडते. वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. हे काम एकट्या माणसाचं नाही. एकानं गोळा घालून खालचं ताट फिरवायचं, दुसऱ्यानं दांड्यावर सगळा भार टाकायचा. गोळा निवला की साचा हलत नाही, म्हणून घाई, म्हणून आरडाओरडा, आणि चुलीसमोर घामाच्या धारा. आमच्याकडे दांड्यावर नेहमी मामा असे. जाफन्यात त्यालाच इडिअप्पम म्हणतात आणि सोबत गुळाचा रस नसतो, तर हळद-मिरचीचं नारळाचं दूध, सोदी. कुठल्याशा घरच्या बायकांनी पहाऱ्यावरच्या जवानांना ते केळीच्या पानावर दिलं होतं. आजीनं ते पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, ‘त्येंचो साचो पण लाकडाचो आसता काय रे?’ उत्तर यायला एक महिना लागला असता. तोवर सगळंच बदललं.

सप्टेंबरमध्ये बंडखोरांपैकी तिलीपन नावाच्या तरुणानं नल्लूरच्या देवळापाशी आपल्या सरकारकडे मागण्या ठेवून उपोषण धरलं. पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि २६ तारखेला तो गेला. ज्यांनी हार घातले होते त्यांचे डोळे फिरले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्रात पकडलेल्या सतरा वाघांना, म्हणजे तमिळ बंडखोरांना, पलालीला ठेवलं होतं. त्यांना कोलंबोला नेऊ नये म्हणून आपल्या अधिकाऱ्यांनी बरीच खटपट केली, पण वरून हुकूम आला तो बाजूला होण्याचा. ५ ऑक्टोबरला त्या कैद्यांनी सायनाईड खाल्लं. बारा जण मेले. मग १० तारखेला आपल्या सैन्याला नवा हुकूम सुटला, जाफना घ्या. राखायला गेलेले लोक पंधरवड्यात त्याच गल्ल्यांतून लढत पुढे सरकू लागले. मराठा पलटण होती, महार होती, मद्रास होती. मद्रास पलटणीच्या जवानांना समोरच्या घरातलं रडणं शब्दाशब्दानं कळत होतं. मामा म्हणायचा, आमचं नशीब, आम्हाला भाषा येत नव्हती.

पुढे २००७-०८च्या सुमारास मी त्याला एक गोष्ट वाचून दाखवली. तिथले आपले डिव्हिजन कमांडर, मेजर जनरल हरकिरत सिंग, यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की सप्टेंबरच्या मध्याला कोलंबोतल्या आपल्या उच्चायुक्तांचा फोन आला होता: बंडखोरांचा म्होरक्या प्रभाकरन बोलणी करायला येईल तेव्हा त्याला पकडा किंवा गोळी घाला. हरकिरत सिंग यांनी आपले वरिष्ठ, लेफ्टनंट जनरल देपिंदर सिंग यांना विचारलं. देपिंदर सिंग म्हणजे आपल्या पुण्याच्या सदर्न कमांडचे तेव्हाचे प्रमुख. पांढऱ्या निशाणाखाली भेटायला येणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारं आमचं सैन्य नव्हे, असं त्यांनी कळवायला सांगितलं. मामा सुपारी सोलत होता. अडकित्ता थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘जनरलाक नाय म्हणूक जमता. नायकान कोणाक सांगूचा?’

मला तेव्हा वाटलं होतं, हे ऐकून त्याला बरं वाटेल.

दिवाळीचं सांगायला हवं. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं, त्याची बी जिभेला लावायची. मामा श्रीलंकेहून आल्यावर त्यानं कधी कारीट फोडलं नाही. अंघोळ करून यायचा, तुळशीला नमस्कार करायचा, खाली ठेवलेलं ते इवलंसं हिरवं फळ बघायचा आणि वळसा घालून घरात जायचा. मला वाटे, सुरुंगांच्या वाटेवरून चाललेला माणूस पायाखाली काही दाबणार नाही, एवढंच असेल. आता वाटतं, तेवढंच नसेल. जाफन्यात त्या वर्षीची दिवाळी २१ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी आपले सैनिक तिथल्या मोठ्या इस्पितळात शिरले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठ-सत्तर माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला असं लष्कराचं म्हणणं. आत आजारी माणसं आणि त्यांना सांभाळणारे होते असं जाफन्याचं म्हणणं. मी मामाला यातलं काही विचारलं नव्हतं. त्यानंच एकदा आपणहून सांगितलं, ‘मी थंय नाय होतंय.’ आणि थोड्या वेळानं, ‘पण कपडे तेच होते.’

त्याच्या काळ्या ट्रंकेत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं. मुंबईत जन्मलेले, आठ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७च्या रात्री छातीत गोळी लागल्यावरही ज्यानं ती घातली त्याची रायफल हिसकावून घेणारे. त्या मोहिमेतलं परमवीर चक्र एकट्या त्यांना मिळालं. बाकी सुमारे बाराशे जवान गेले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीहून निघाली, तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला राज्याचे मुख्यमंत्रीही आले नव्हते. यादवीतल्या माणसांना वाचवायला म्हणून गेलेलं सैन्य ना तिकडच्यांचं उरलं, ना इकडच्यांचं. आमच्या गावातही इटलीच्या चुलत्यांचा फोटो ग्रामपंचायतीत आहे. मामाचा नाही.

आता ती एका तासाची गोष्ट. आजोबांनी मला सांगितली, मामानं त्यांना सांगितली होती. जाफन्याकडे सरकताना रस्त्यांवर सुरुंग, म्हणून पलटण वाड्यांतून, बांधांवरून चालली होती. हुकूम असा की कुठे थांबायचं नाही, अंधाराआधी ठरल्या जागी पोचायचं, दारात म्हातारं दिसलं तरी भरवसा ठेवायचा नाही. एका बंद शाळेच्या ओसरीत आठ-दहा माणसं बसलेली. त्यांत एक म्हातारी, मांडीत तोफगोळ्याचा तुकडा. मैलभरावर देऊळ होतं, तिथे लोक आसऱ्याला जमले होते, पण तिला नेणार कोण? साहेब म्हणाले, उचला. शाळेचं दार बिजागरीतून काढलं, तिला त्यावर ठेवलं आणि देवळात पोचवून आले. तासभर गेला. पुढचा रस्ता अंधारात करावा लागला, आणि त्या अंधारात स्फोट झाला. एक पोरगा जागच्या जागी गेला, एकाचा पाय गेला.

हा तास मामानं कुणाच्या खात्यावर लिहावा? दरवर्षी दिवाळी झाली की तो आजरा तालुक्यातल्या एका गावी जाऊन यायचा. सोबत पोतंभर नारळ आणि आमसुलांची पिशवी. तिथे त्या पोराची आई होती. ती जाईपर्यंत त्याची ती फेरी चुकली नाही. तिला त्या तासाबद्दल त्यानं सांगितलं होतं का, ते मामीलाही ठाऊक नाही.

मामा २०१९च्या पावसाळ्यात गेला. तेराव्याला कराडकडून एक गृहस्थ आले, हातात काठी, डावा पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातला. ‘हवालदारसाहेबांच्या सेक्शनला होतो,’ म्हणाले. जेवणं झाल्यावर पडवीत बसलो तेव्हा मी आजोबांची गोष्ट त्यांना सांगितली, आणि साहेबांचं कौतुक केलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

‘साहेब न्हवते म्हणाले उचला. साहेब म्हणाले, चला पुढं. आम्ही निघालो बी. मागं बघतो तर ह्यो गडी थांबलेला. रायफल खांद्याला अडकवली आन् दार उचकटायला लागला. साहेबांनी हाक मारली. दोनदा. ह्यानं वर बघितलं न्हाई.’

‘मग?’

‘मग काय. साहेबांनी घड्याळ बघितलं. दाराला चार टोकं. तिघं आम्ही होतो. चौथं साहेबांनी धरलं.’

मामीच्या हातातलं पानाचं तबक तसंच राहिलं. तीस वर्षं मामानं हुकूम साहेबांच्या नावावर ठेवला होता. साहेबांना पुढे कुणी विचारलं असेल तर त्यांनीही तो आपल्याच नावावर घेतला असेल, असं मला वाटतं.

‘तुमचा पाय त्या तासामुळे गेला असं वाटतं का?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘तास गेला,’ ते म्हणाले. ‘म्हातारी देवळात पोचली एवढं बघितलं. जगली का, ठावं न्हाई. तिची नात सगळी वाट दाराला धरून चालत व्हती. पाट्टी, पाट्टी करत. आम्हाला वाटलं, बाईचं नाव हाय. लई दिवसांनी मद्रास पलटणीच्या एकानं सांगितलं, पाट्टी म्हंजी आजी.’

आजी जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. शेवटच्या दुखण्यात मामा तिला उचलून न्हाणीत न्यायचा, ‘पाट्टी, धर माका, भियां नको’ म्हणत. ती तेव्हाही म्हणायची, ‘मेल्या, पाटी कोणाक म्हणतस?’

पाहुणे त्या रात्री राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं शिरवाळ्यांचा घाट घातला. रस गुळाचा करू की तिखट, तिनं विचारलं. ते जरा थांबून म्हणाले, ‘तिखट जमंल?’ मामीनं हळद काढली. गोळे शिजले, साचा धुऊन चुलीपुढे ठेवला, मी ताट घेऊन खाली बसले, आणि दांड्यावर कोण, म्हणून आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, चांगला पाय पुढे घेऊन उभे राहिले, दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

‘वहिनी,’ म्हणाले, ‘घाला गोळा. निवंल.’