गोल्फ क्लब : दोन थांब्यांचा इतिहास

पुणे–नाशिक रस्त्याच्या दोन्ही टोकांना ‘गोल्फ क्लब’ आहे. पुण्यात येरवड्याचा गोल्फ क्लब चौक, नाशकात त्र्यंबक रस्त्यावरचे गोल्फ क्लब मैदान. मधल्या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांत राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर अशी गावे लागतात. तिथे या खेळाचा मागमूस नाही. मी मंचरच्या बाजूचा. लहानपणी मला ‘गोल्फ’ हे कुणा साहेबाचे आडनाव वाटे. पुढे किल्ले, लेणी, जुने दप्तर यांच्या नादी लागलो आणि एकदा सहज मनात आले, की ज्या खेळाशी आपला काडीचा संबंध नाही, त्याचे नाव आपल्या तोंडी एवढे कसे बसले? त्या चौकशीतून हा लेख झाला.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. कंपनी सरकारात स्कॉटिश माणसे भरपूर, त्यामुळे तो इकडे लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानतात. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. इंग्लंडातली बहुतेक नामांकित मैदाने त्यानंतरची आहेत, हे ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. पण मुंबईतला हा खेळ म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चार साहेबांनी चेंडू टोलवणे. आराखडा काढणारा खास माणूस तेव्हा नसेच. कुणी फौजी अधिकारी, कुणी इंजिनिअर माळावर हिंडून ‘इथून मारा, तिथे खळगा’ असे ठरवी. पाण्याची वाण असलेल्या मुलखात खळग्याभोवती हिरवळ टिकत नसे, म्हणून तेल घालून दाबलेल्या वाळूचे गोल करीत. त्यांना ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ म्हणत! ती वाळू रोज कोण सारखी करी, याची नोंद मात्र कुणी ठेवलेली नाही.

नाशिकचा क्लब याच पद्धतीचा, पण मानाचा. ‘रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब’ हे त्याचे नाव. थळघाटातून आगगाडी झाल्यावर मुंबईच्या साहेबाला नाशिक जवळ आले. कोरडी हवा, सपाट माळ. आणखी काय पाहिजे? अठरा होलांच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. आजचे मैदान त्या मानाने बरेच लहान आहे, त्यावरून मूळ पसारा किती आटला याचा अंदाज करावा.

मग मधल्या पट्ट्यात, आमच्या जुन्नर-आंबेगावात साहेब आलाच नाही काय? आला, आणि तोही स्कॉटिश. डॉ. अलेक्झांडर गिब्सन. १८३८ पासून तो दापोडीच्या सरकारी वनस्पती-बागेचा प्रमुख होता आणि जुन्नरजवळ हिवरे येथे त्याने दुसरी बाग चालवली. औषधी झाडे लावायची आणि लष्करी दवाखान्यांना औषधे पुरवायची, हा तिचा हेतू. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून केली जाणारी फिरती शेती त्याला खुपत होती. झाडांविषयीची त्याची कळकळ खरी होती, हे मी मान्य करतो. पण डोंगरात कुणी पाऊल ठेवायचे हे सरकार ठरवणार, ही रीत आमच्याकडे त्या खात्याने आणली. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे. एकरांत धरले तर दोनशेहून अधिक गोल्फची मैदाने त्यात बसतील. शेकरू वाचले, ही आनंदाची गोष्ट. हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळी बाईला मात्र रानात शिरताना आजही खात्याकडे पाहावे लागते. म्हणून गोल्फच्या फाटकाची गोष्ट आम्हाला अगदीच परकी नाही.

त्या फाटकाकडे वळू. मुंबईतल्या युरोपियन क्लबांत हिंदी माणसाला, तो संस्थानिक असला तरी, प्रवेश नव्हता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हिंदी पाहुण्याला अशाच एका क्लबात अडवले आणि म्हणून त्यांनी वेगळा क्लब काढला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे सोडा, १९१८ चा विलिंग्डन क्लब हिंदी आणि युरोपियन दोघांना खुला होता, हे खरे. पण खुला कुणाला? राजे, गिरणीमालक, बॅरिस्टर यांना. रंगाची अट गेली, ऐपतीची राहिली. बाकीचे हिंदी लोक आत जात ते माळी म्हणून किंवा खांद्यावर दुसऱ्याची पिशवी घेऊन, कॅडी म्हणून. त्यातूनही वाट निघते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या क्लबातला कॅडीच होता.

काही वर्षांपूर्वी राज्यातल्या एका जुन्या क्लबात मी जुने फलक पाहायला गेलो. आधी पत्र पाठवले होते, उत्तर नव्हते. फाटकावरचा रखवालदार नम्र होता. “दादा, मेंबर बरोबर असल्याशिवाय आत सोडता येत नाय,” तो म्हणाला. बोलण्यावरून ओळखून मी विचारले, “गाव कुठलं?” “तळेघर.” म्हणजे भीमाशंकरच्या वाटेवरचा, आमच्याच आंबेगावचा! त्याने मला चहा पाजला, बाहेरच्या टपरीवर. फलक राहिले ते राहिलेच.

आता मैदानांना रचनाकार असतात आणि जाहिरातीत त्यांचे नाव आधी येते. पुण्याजवळ लवळ्याचे मैदान ऑस्ट्रेलियाच्या फिल रायन यांनी आखले, अँबी व्हॅलीचे इंग्लंडच्या डेव्हिड हेमस्टॉक यांनी. डोंगरउताराची माती हलवून केलेली ही कामे कसबाची आहेत, यात शंका नाही. दाराचा प्रश्न तिथे पैशाने सुटतो. त्यातल्या त्यात वेगळा प्रयोग सिडकोचा: खारघरच्या खोऱ्यात सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते. मुलाबाळांना घेऊन नुसते गवतात बसता मात्र येत नाही.

ते येते नाशकात. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. मुलगा अठराच्या आतबाहेरचा. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता. बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. कलेक्टरच्या बरोबरीचे साहेब ज्या माळावर चेंडू टोलवत, तो आज ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ आहे. रणजीचे सामने तिथे होतात, पुढाऱ्यांच्या सभा होतात, पहाटे म्हातारी माणसे कडेने फेऱ्या मारतात. माझ्या माहितीत आपल्या भागातले हे एकच गोल्फचे मैदान असे, की जे सर्वांचे झाले. आणि झाले तेव्हा तिथे गोल्फ उरला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात नाशिकला उतरून मी मुद्दाम रिक्षावाल्याला म्हटले, “अनंत कान्हेरे मैदान.” त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे गोल्फ क्लब ना, काका? बसा.”