दोन्याना राष्ट्रीय उद्यान

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतातील पाणथळ अभयारण्य. ग्वादालकिवीर नदी अटलांटिक महासागराला मिळते तिथे, नदीच्या उजव्या तीरावर ते पसरले असून वेल्वा, सेव्हिल व कादिझ या तीन जिल्ह्यांच्या सीमा येथे एकत्र येतात. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सु. 543 चौ. किमी. असून त्याभोवती काहीशा सैल नियमांचे संरक्षित पट्टे आहेत. उद्यानाची स्थापना 1969 मध्ये झाली. युनेस्कोने त्याला 1980 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र व 1994 मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. 1982 मध्ये ते रामसर यादीत आले.

मेदिना सिदोनियाच्या सरदार घराण्याची ही शतकानुशतकांची शिकारीची जागा. सातव्या ड्यूकची पत्नी दोन्या आना हिच्यावरून तिला हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या मध्यावर दलदल उपसून शेती करण्याच्या व निलगिरी लावण्याच्या योजना जोरात होत्या. जीवशास्त्रज्ञ होसे आंतोनिओ वाल्व्हेर्दे यांनी त्यांना विरोध केला आणि युरोपभरातील निसर्गअभ्यासकांना या कामाशी जोडून घेतले. नव्यानेच स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने 1960च्या दशकात येथील जमीन विकत घेण्यास पैसा उभा केला. 1964 मध्ये दोन्याना जीवशास्त्रीय केंद्र सुरू झाले व वाल्व्हेर्दे त्याचे पहिले संचालक झाले.

उद्यानात एकमेकांना लागून तीन वेगळी जगे आहेत. समुद्रालगत वाळूच्या सरकत्या टेकड्या, त्यांच्यामागे पाइन व कॉर्क ओकची राने आणि पूर्वेकडे ‘मारिस्मा’ म्हणजे विस्तीर्ण दलदल. टेकड्या वाऱ्याबरोबर दरवर्षी काही मीटर आत सरकतात. दोन टेकड्यांमधल्या खोलगटात पाइनची झाडे वाढतात; पुढची टेकडी त्यांना हळूहळू गाडते आणि पुढे निघून गेली की वाळलेली खोडे उघडी पडतात. स्थानिक लोक अशा जागांना ‘क्रूसांचे रान’ म्हणतात. दलदलीच्या कडेला जुने कॉर्क ओक आहेत. त्यांवर चमचे व बगळे दाटीवाटीने घरटी बांधतात. त्यांच्या विष्ठेने मुळांखालची माती बिघडते, त्यामुळे याच वसाहतींपायी कित्येक शतकी वृक्ष वठत चालले आहेत.

मारिस्मा सपाट आहे आणि तिचे वर्ष पावसावर चालते. शरदातल्या पावसाने ती भरू लागते, हिवाळ्यात उत्तर युरोपातून राखी कलहंस व बदकांचे मोठे थवे उतरतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत तळाची माती भेगाळते. कलहंस पहाटे टेकड्यांवर येऊन वाळू गिळतात. पाणवनस्पतींचे चिवट कंद पोटात दळायला ती लागते. येथील मोठा रोहित उजनीच्या जलाशयावर व ठाण्याच्या खाडीत दिसतो त्याच जातीचा. स्पॅनिश शाही गरुड मात्र आयबेरियाबाहेर क्वचितच आढळतो.

आयबेरियन लिंक्स हे दोन्यानाचे मानचिन्ह. हे ठिपकेदार रानमांजर जवळपास पूर्णपणे सशांवर जगते. सशांमध्ये रोगांच्या साथी आल्या तशी त्याची उपासमार झाली. 2002च्या सुमारास जगभरात शंभराहून कमी लिंक्स उरले होते. उद्यानातील एल आसेबूचे येथील प्रजनन केंद्रात 2005 मध्ये बंदिस्त अवस्थेतील पहिली पिल्ले जन्मली. पुढे इतरत्रही लिंक्स सोडले गेले, संख्या दोन हजारांवर पोचली आणि 2024 मध्ये या प्राण्याची नोंद ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ गटात आली. वन्यजीवरक्षणाच्या इतिहासात इतके मोठे यश फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

पाण्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. 25 एप्रिल 1998 रोजी आझ्नालकोयारजवळच्या खाणीचा गाळबंधारा फुटून आम्लयुक्त, जड धातूंनी भरलेला लाखो घनमीटर चिखल ग्वादियामार नदीत आला. तातडीने बांध घालून त्याचा मुख्य लोंढा उद्यानाच्या वेशीवर अडवण्यात आला. नंतर नदीकाठची विषारी माती खरवडून तिथे हरितपट्टा उभारला गेला. हा घाव ढळढळीत होता, म्हणून धावाधाव झाली. भूजलाचा उपसा डोळ्यांना दिसत नाही आणि तोच आज अधिक घातक आहे. उत्तरेकडील स्ट्रॉबेरीच्या बागांसाठी, त्यांतल्या कित्येक बेकायदा विहिरींतून, तसेच मातालास्कान्यास या किनारी पर्यटनस्थळासाठी पाणी काढले जाते. युरोपीय न्यायालयाने 2021 मध्ये याबद्दल स्पेनला दोषी ठरवले. सांता ओलाया हे येथील सर्वांत मोठे बारमाही तळे 2022 व 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे पार कोरडे पडले. 2023 अखेर केंद्र व प्रांत सरकारांनी सु. 140 कोटी यूरोंच्या योजनेवर सह्या केल्या. कुंपणाच्या आत कितीही चोख राखण केली, तरी कुंपणाबाहेरच्या विहिरी बंद झाल्याखेरीज ही दलदल टिकणार नाही.

उद्यानाच्या गाभ्यात मोकळे हिंडता येत नाही. एल आसेबूचेहून वाटाड्यासह मोठ्या जीपगाड्यांची साधारण चार तासांची फेरी किनारा, टेकड्या, रान व दलदलीची कड दाखवते. तिची जागा आधी राखून ठेवावी लागते. नदीपलीकडच्या सानलूकार दे बारामेदाहून बोटीनेही येता येते. लिंक्स दिसेलच अशी आशा धरू नये. पक्ष्यांसाठी मात्र फेरीपेक्षा काठच बरा : ला रोसीना येथील लाकडी पायवाटा, आणि त्याहूनही एल रोसिओ गावाचा तलावाकाठ, जिथून ओल्या वर्षी रोहितांचे थवे दुर्बिणीशिवाय दिसतात.

एल रोसिओचे रस्ते आजही वाळूचे आहेत आणि घरांसमोर घोडे बांधायचे दांडके आहेत. ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी, पेंटेकॉस्टला, येथील मारियादेवीच्या यात्रेला लाखो भाविक लोटतात. सानलूकारकडच्या दिंड्या नदी ओलांडून, बैलगाड्यांसह, उद्यानातूनच येतात. 26 जूनला दलदलीत चरणाऱ्या घोड्या व शिंगरे हाकत अल्मोन्ते गावात नेली जातात. या प्रथेचा लेखी पुरावा 1504 पर्यंत मागे जातो. पक्षी पाहायचे असतील तर यात्रेचे दिवस टाळून नोव्हेंबर ते मे या काळात जावे, आणि निघण्यापूर्वी त्या वर्षी पाऊस किती झाला याची चौकशी अवश्य करावी.