एकदा विकलेला माल...

पुणेरी पाट्यांवर आपण सगळेच इतकं हसलोय की आता त्यात काही नवं उरलं नाही. पण एक पाटी पुण्याची नाही, अख्ख्या देशाची आहे, आणि तिच्यावर कधीच कुणी हसलं नाही. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात, नाहीतर गल्ल्याच्या मागे ठसठशीत लाल रंगात. आम्ही लहानपणी ती इतक्या ठिकाणी वाचली की तो सरकारी नियमच असावा असं वाटायचं.

गंमत म्हणजे ते फार खोटंही नव्हतं. १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ सूर असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, नंतर कुरकूर करू नये. अपवाद होते, नाही असं नाही. पण ते अपवाद सिद्ध करायला दिवाणी कोर्टात जायचं, कोर्ट फी भरायची, वकील लावायचा आणि तारखा मोजत बसायचं. दोनशे रुपयांच्या इस्त्रीसाठी हे कोण करणार? म्हणजे हक्क होता, पण तो वापरण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होता. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं.

आमच्या पिढीला टंचाई म्हणजे काय ते धड माहीत नाही. तेल, साखर, रॉकेल, सगळ्याला रांग. जिथे माल मिळाला हेच नशीब, तिथे तो चांगला आहे का हे कोण विचारणार! तरी १९६६ साली मुंबईत काही बायकांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. भेसळ, वजनात मारलेली दांडी, फसव्या जाहिराती हे त्यांचे विषय. पुढे त्यांनी 'कीमत' नावाचं नियतकालिकही चालवलं. मग १९७२ चा दुष्काळ आणि महागाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या. तो मोर्चा भावांविरुद्ध होता, सदोष मालाविरुद्ध नव्हता, हे मान्य. पण स्वयंपाकघरातला प्रश्न हा घरातच कुढत बसण्याचा प्रश्न नाही, हे तिथे पक्कं झालं असं मला वाटतं.

आणि मग ग्राहक पंचायत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तर खाली उतरा :)

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. या कामात सुधीर फडके होते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हो, आपले बाबूजीच. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेला हा गायक वीस वर्षांनी डाळ-तांदळाच्या चळवळीत होता. मला यात काहीच विसंगत वाटत नाही.

कल्पना अगदी साधी. आसपासच्या काही घरांचा मिळून एक संघ करायचा. महिन्याची यादी आधीच द्यायची, पैसेही आधी. पंचायत घाऊक बाजारातून एकदम खरेदी करणार आणि माल संघातल्या कुणाच्या तरी घरी येऊन पडणार. वजन करून वाटून घ्यायचं ते आपलं आपण. माझी मावशी अशा एका संघात होती. तिच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत महिन्यातून एकदा वर्तमानपत्रं पसरून तूरडाळीचे ढीग लागायचे, आणि पाच-सहा बायका तागडी धरून किलोकिलोचे वाटे घालायच्या. आम्हा मुलांना त्या दिवशी बाहेर हाकललं जायचं. मावशी म्हणायची, "अरे, डाळ चांगली निघाली की कौतुक नाही, खराब निघाली की पत्र कुणाला लिहायचं ते माहीत आहे, हे कौतुक."

ग्राहक चळवळीचा अर्धा इतिहास त्या वाक्यात येतो. संघटना आधी आली, कायदा नंतर.

तर कायदा. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांवर बोट ठेवलं गेलं, पण त्याचा आयोग दिल्लीत, सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्याचं काय! १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली आणि २४ डिसेंबर १९८६ ला आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. (१५ मार्चचा जागतिक ग्राहक दिन केनेडींच्या १९६२ च्या संदेशावरून, २४ डिसेंबरचा आपला यावरून. दोन्ही दिवशी पेपरात त्याच जाहिराती येतात, त्यामुळे घोळ होतो.)

त्या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे जिल्हा मंचाची रचना. अध्यक्ष न्यायाधीशाच्या दर्जाचा, पण सोबत दोन सदस्य वकिली पेशाबाहेरचे, आणि त्यातली एक समाजकार्य करणारी स्त्री असलीच पाहिजे. वकिलाची सक्ती नाही. सुरुवातीला फीसुद्धा नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि या. तेव्हा जिल्ह्याची मर्यादा एक लाख रुपये होती, त्यावर दहा लाखांपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. राष्ट्रीय आयोग १९८८ मध्ये न्या. बालकृष्ण एराडींच्या अध्यक्षतेखाली सुरू झाला. राज्यांनी मात्र जिल्हा मंच काढायला इतकी टाळाटाळ केली की 'कॉमन कॉज' या संस्थेला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

मंच सुरू झाल्यावर पहिला मोठा वाद झाला तो सेवा म्हणजे काय यावर. लखनौ विकास प्राधिकरणाने एका माणसाला घराचा ताबा वेळेवर दिला नाही. प्राधिकरणाचं म्हणणं, आम्ही सरकारी, आम्ही कुठले दुकानदार? ५ नोव्हेंबर १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरबांधणी हीसुद्धा सेवाच. पण निकालाचा खरा डंख पुढे होता. मनस्तापाची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी लोकांच्याच पैशातून का द्यायची? जबाबदार अधिकारी शोधा आणि त्यांच्याकडून वसूल करा, असा आदेश झाला. रक्कम फार नव्हती, पण टेबलामागच्या माणसाच्या खिशापर्यंत कायदा पोचू शकतो हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट लिहिलं गेलं. १९९५ मध्ये डॉक्टर या कक्षेत आले, फक्त सगळ्यांनाच फुकट तपासणारे दवाखाने वगळून. आणि २०२४ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने ठरवलं की वकिलांची सेवा मात्र या कायद्यात येत नाही. यावर मी काही बोलत नाही. घरात वकील आहेत.

आता कडू भाग. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. माझ्या थोरल्या काकांनी एका कंपनीच्या फ्रिजविरुद्ध तक्रार केली होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर तो फ्रिज भंगारात जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. समोरून दर तारखेला वकील यायचा आणि पुढची तारीख मागायचा. काका निवृत्त होते म्हणून टिकले. वकिलाविना चालावी म्हणून काढलेली जागा हळूहळू कोर्टासारखीच होत गेली, कारण वकील नको असण्याची मुभा दोन्ही बाजूंना होती आणि कंपनीला ती नकोच होती. तुमच्यापैकी कुणाला ताबडतोब न्याय मिळाला असेल तर जरूर लिहा, मला आनंदच होईल.

जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाचा आयोग झाला. मोठा फरक असा की तक्रार आता आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात करता येते. आधी बऱ्याचदा समोरच्याच्या गावी पळावं लागे. मर्यादाही आता मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या किमतीवर मोजतात: पन्नास लाखांपर्यंत जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे दिल्ली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य.

भावंडांनी हल्ली वारंवार विचारलंय म्हणून करायचं काय तेही लिहून टाकतो. आधी १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. नाही जमलं तर कंपनीला लेखी पत्र, स्पीड पोस्टाने, उत्तराला मुदत देऊन. फोनवरची बाचाबाची पुरावा म्हणून काडीच्या कामाची नाही. त्यानंतर तक्रार: काय घेतलं, कधी, किती दिले, बिघाड कोणता, आणि हवं काय, बदली, पैसे परत की भरपाई. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, पत्राची प्रत आणि प्रतिज्ञापत्र. घटनेपासून दोन वर्षांच्या आत. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. आदेश होऊन कंपनीने पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा निदान पंचवीस हजार दंड होऊ शकतो, हे पत्रात सौम्य शब्दांत लिहायला हरकत नाही.

आणि ती पाटी? नव्या कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लाल पाटी अजून लटकते आहे. परवा दुकानदाराला तीस दिवसांचं सांगितलं तर म्हणाला, "साहेब, पाटी वडिलांच्या वेळची आहे." बिल मात्र त्याने मुकाट्याने दिलं.