बर्फातली गळाची दोरी

मागच्या खेपेला आम्ही जाळी विणण्यावर बोललो, तेव्हा किनाऱ्यावरच्या एका श्रोत्या ताईंचा फोन आला. त्यांची भाची कॅनडात असते. तिने गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या बायकांचा फोटो पाठवला होता. ताईंनी विचारले, "अगं, ओली दोरी वर आली की तिथल्या तिथे गोठत नाही का? कसली दोरी घेतात त्या?" आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे डोक्याला गुंडाळलेला मफलर! म्हणून पुस्तके काढून बसलो, आणि दोरी शोधता शोधता थेट बायकांच्या कपड्यांच्या कपाटात पोचलो.

आधी अडचण काय ती सांगतो. सुताची किंवा सणाची दोरी पाणी पिते. उणे तापमानात ते पाणी धाग्याच्या आतच गोठते आणि दोरी काठीसारखी ताठ होते. वर बर्फाचे मणी चढतात. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, गळाला हलकेच तोंड लावतो. दोरी जड आणि ताठ झाली की ती हालचाल बोटांना कळतच नाही. म्हणजे दोरी किती मजबूत, हा पुढचा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ती पाणी पिते का?

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेरिंग सामुद्रधुनीच्या आसपास राहणाऱ्या युपिक आणि इनुपियात लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. काही देवमाशांच्या तोंडात दात नसतात, लांब पट्ट्यांची झालर असते. तिला बलीन म्हणतात. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याचीच ती बनलेली. बोहेड जातीच्या देवमाशात एकेक पट्टी बारा-तेरा फुटांपर्यंत वाढते. ती उभी चिरून बारीक धागे काढायचे, गाठी मारून जोडायचे, की झाली दोरी. ती पाणी पीत नाही, तिला पीळ बसत नाही, आणि वर जमलेला बर्फ झटकला की गळून पडतो.

एडवर्ड नेल्सन नावाचे निसर्ग-अभ्यासक १८७७ ते १८८१ या काळात तिथे राहिले. १८९९ साली निघालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात या मासेमारीचे वर्णन आहे. मासा अगदी साधा, टॉमकॉड नावाचा लहानसा. पण हिवाळ्यात सीलची शिकार मिळेनाशी झाली की घर त्याच्यावरच चाले, आणि बर्फावर जाऊन तो धरणाऱ्यांत बायका असत. दोन्ही हातांत एकेक आखूड काठी. मासा लागला की दोरी या काठीवरून त्या काठीवर घेत वर ओढायची. ओल्या दोरीला हात लावायचाच नाही. ही युक्ती वाचून आम्ही सगळ्याच काही वेळ गप्प बसलो. उणे वीस अंशांत ओले बोट म्हणजे काय, हे तिथे दिवसभर बसणाऱ्या बाईलाच कळणार.

आता कपाट. १८४८ साली टॉमस रॉइस या अमेरिकन कप्तानाने आपले जहाज सामुद्रधुनीच्या उत्तरेला नेले आणि बोहेड देवमाशांचे मोठे घर जगाला सापडले. पाठोपाठ जहाजांची रीघ लागली. आधी तेलासाठी. पुढे घासलेट आले, तेलाचा भाव पडला, पण बलीनचा चढतच गेला. का, तर युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या कॉर्सेटला, म्हणजे कंबर आवळून धरणाऱ्या त्या चोळीला, ताठ पण लवचीक पट्ट्या लागत. शेवटी शेवटी तर नुसते बलीन काढून घ्यायचे आणि एवढा मोठा देवमासा समुद्रात सोडून द्यायचा, इथवर गोष्ट गेली. तेलासाठी वॉलरसही मारले जात होते.

१८७८-७९ च्या हिवाळ्यात सेंट लॉरेन्स बेटावर गावेच्या गावे उपासमारीने आणि रोगाने ओस पडली. १८८१ मध्ये नेल्सन तिथे गेले, तेव्हा त्यांना घरांतून प्रेते दिसली. वाईट हवामान, साथ, शिकारीचा तुटवडा, दारू... कारणे अनेक सांगतात, आणि सगळा दोष कॉर्सेटवर टाकणे आम्हाला पटत नाही. ती घालणारी बाई तरी कुठे सुखाने श्वास घेत होती? पण एकाच माशाच्या तोंडातली पट्टी एकीच्या कमरेला आणि दुसरीच्या चुलीला, हे मनातून जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत पोलादी पट्ट्या आल्या, फॅशनही बदलली, तेव्हा कुठे तो बाजार बसला.

युरोपात गळाला घोड्याच्या शेपटीचे केस लावत. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तिकेत हिशेबच दिला आहे: अगदी चिमुकल्या माशाला एक केस, साल्मनला पंधरा. ही पुस्तिका एका जोगिणीने लिहिली असे मानत आले, विद्वान मात्र शंका घेतात. पुढे स्पेनच्या मुर्सिया भागातून रेशमाची तात येऊ लागली. कोष विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवायचा, त्याच्या पोटातल्या दोन रेशीमग्रंथी काढायच्या आणि हाताने ओढून लांबवायच्या. या कामात बायकांचे हात मोठ्या संख्येने होते. पैठणीचे रेशीम देणाऱ्याच किड्याची ही तात. पण सुकी असली की कटकन तुटे, आधी भिजवावी लागे. बर्फात काय उपयोग?

मग नायलॉन. अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली ते तयार केले, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये कंपनीने ते जाहीर केले ते महिला मंडळांच्या सभासदांसमोर! कारण माल विकायचा होता पायमोज्यांचा. मे १९४० मध्ये ते दुकानांत आले. गळाची दोरीही त्याच धाग्याची निघाली. आपण तिला तंगूस म्हणतो. आपल्या किनाऱ्यावर १९५०-६० च्या दशकांत नायलॉनची जाळी आली. सणाच्या जाळ्यांना सालीच्या काढ्यात बुडवायचा आणि वाळवायचा बायकांचा कुटाणा संपला, आणि हळूहळू हाताने विणायचे कामही यंत्राकडे गेले. त्याच सुमारास आमच्या आज्यांच्या ट्रंकेत नायलॉनची साडी आली. तिला इस्त्री लागत नाही, याचेच तेव्हा केवढे कौतुक!

पण नायलॉनही थोडे पाणी पितेच, आणि थंडीत रिळाचा आकार धरून भेंडोळे होते. १९७१ च्या सुमारास जपानात फ्लुओरोकार्बनची दोरी निघाली. ती पाणी जवळजवळ पीत नाही, पाण्यात पटकन बुडते, पण जाड घेतली तर ताठ. विणलेल्या दोरीचा धागा स्वतः पाणी पीत नाही, पण विणीच्या फटींत पाणी अडकते आणि गोठते. तेव्हा उघड्या बर्फावर एकपदरी, बारीक दोरी बरी. विणलेली दोरी, तंबूत शेगडी असेल तर.

ताईंना आम्ही हे सगळे फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "मग इथून आपली तंगूस पाठवू का भाचीला?" आम्ही म्हटले, पाठवा, पण बारीक पाठवा. आणि वापरायच्या आधी कोमट पाण्यात भिजवून, दोघींनी दोन टोके धरून जरा ताणून घ्यायला सांगा. शिवाय दोन काठ्या.