गंजक्या सायकलीची गोष्ट
पिनरमध्ये स्वस्तात मिळालेली जुनी माउंटन बाइक शेडमध्ये गंजत पडली आहे ना? टाकून देऊ नका.

१८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकान काढलं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं!

माउंटन बाइकचा तर जन्मच जुन्या सायकलींतून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतले तरुण जाड टायरच्या जुनाट सायकली स्वस्तात घेत, त्यांना नवे ब्रेक, गिअर बसवत आणि डोंगरउतारावरून पळवत. १९७६ मध्ये त्यांची ‘रिपॅक’ शर्यत सुरू झाली. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळे आणि पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव.

त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. पिनर हिलच्या उतारावर रंग नाही, ब्रेक कामाला येतो. आधी फ्रेम तपासा; तडा असेल तर त्या सायकलीवर पैसे घालू नका. फ्रेम ठीक असेल तर पहिले पैसे ब्रेक पॅड आणि केबलवर, मग टायर आणि चेनवर खर्च करा. रंग सगळ्यात शेवटी.

आणि पाना मुलांच्या हातात द्या. हात काळे होतील, होऊ द्या.