अझरबैजानी भाषेतील दैव व भावी अनिवार्यता

जे घडायचेच आहे, जे पुढे करावेच लागणार आहे, किंवा मागे वळून पाहता जे टळणारे नव्हते, ते सांगण्यासाठी अझरबैजानी भाषेत वापरली जाणारी क्रियारूपे आणि शब्दयोजना यांचा विचार या नोंदीत केला आहे. अझरबैजानी ही तुर्की भाषाकुलाच्या ओगुझ शाखेतील भाषा. अझरबैजान प्रजासत्ताकाची ती राजभाषा आहे आणि इराणच्या वायव्य भागात, तबरीझ, अर्दबील या शहरांच्या परिसरात, ती फार मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. ‘दैव’ या अर्थासाठी तिच्यात स्वतंत्र असे एकच क्रियारूप नाही. कर्तव्य, प्रसंग, बेत, शक्यता आणि विधिलिखित यांची वाटणी चार-पाच प्रत्ययांत झाली आहे, आणि काळदर्शक साहाय्यक क्रियापद कुठे बसते यावर त्यांचा अर्थ बदलतो. मराठी वाचकाला ही वाटणी परकी वाटत नाही. ‘जायला हवे’, ‘जायचे आहे’, ‘जावे लागेल’, ‘जाणार होता’ या मराठी रूपांतले भेद तो रोज पाळत असतो.

येथे अझरबैजानी शब्द देवनागरीत उच्चारानुसारी दिले आहेत. त्या भाषेतला एक अतिशय वारंवार येणारा स्वर मराठीतल्या ‘ॲ’सारखाच आहे, म्हणून ‘गॅलॅजॅक’ असे लेखन केले आहे. ‘ग़’ आणि ‘ख़’ हे घर्षक वर्ण आहेत. प्रत्यय स्वरसंगतीने बदलतात. धातूतला शेवटचा स्वर पश्च असेल तर प्रत्ययात ‘आ’, अग्र असेल तर ‘ॲ’ येतो. ‘आल्माग’ (घेणे) याला -मालि लागतो, तर ‘गेत्मॅक’ (जाणे) याला -मॅलि.

अनिवार्यतेचे मुख्य रूप हेच -मालि/-मॅलि. अझरबैजानी व्याकरणकार त्याला ‘वाजिब’ रूप म्हणतात. ‘गेत्मॅलियॅम’ म्हणजे मला जायला हवे. ‘गेत्मॅलिसॅन’, तुला जायला हवे. ‘गेत्मॅलियिक’, आम्हाला जायला हवे. मराठीत अनिवार्यता आली की कर्ता बहुधा ‘मला’, ‘तुला’ अशा चतुर्थीत जातो. अझरबैजानीत तो प्रथमेतच राहतो आणि पुरुषाचा प्रत्यय क्रियारूपाच्या शेवटी येतो. प्रत्ययाची घडण सहसा अशी सांगतात : क्रियेला नाम करणारा -मा/-मॅ आणि ‘ते असलेला’ या अर्थाचा -लि. जणू कर्त्याच्या पदरी ‘जाणे’ आहे. म्हणूनच याच रूपाची कितीतरी विशेषणे झाली आहेत. ‘इच्मॅलि सु’ म्हणजे पिण्याचे पाणी, ‘येमॅलि’ म्हणजे खाण्याजोगे, ‘ग्योर्मॅलि येर्लॅर’ म्हणजे पाहण्यासारखी ठिकाणे, ‘ग्युल्मॅलि’ म्हणजे हसू येण्याजोगे. पाठ्यपुस्तके या प्रत्ययाचा अर्थ केवळ ‘सक्ती’ असा देतात तेव्हा ही सगळी बाजू हातची जाते. मुळात तो योग्यतेचा आणि अपेक्षेचा प्रत्यय आहे, सक्ती हा त्याचा एक वापर. ‘एव्दॅ ओल्मालिदिर’ या वाक्यात कोणावर कसलीच सक्ती नाही. ‘तो घरी असायला हवा’ असा तो तर्क आहे, आणि मराठीतही त्यासाठी हेच ‘हवा’ वापरले जाते.

नकाराची दोन रूपे नीट वेगळी ठेवावी लागतात. नकाराचा -मॅ धातूला लागला तर ‘गेत्मॅमॅलियॅम’ होते : मी जाता कामा नये. नकार बाहेरून ‘देयिल’ने केला तर ‘गेत्मॅलि देयिलॅम’ : मला जायलाच हवे असे नाही. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात बंधनाचा अभाव. शिकणाऱ्याची सर्वांत जास्त गल्लत होते ती इथे.

भावी अनिवार्यतेचे नेमके रूप कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ‘साबाह गेत्मॅलियॅम’ (उद्या मला जायला हवे) यात जाणे उद्याचे असले तरी बंधन आजच लागू आहे. त्यामुळे भविष्यकाळाचा प्रत्यय लागत नाही. बंधनच पुढे उद्भवणार असेल तर ‘ओल्माग’ (असणे, होणे) हे साहाय्यक क्रियापद भविष्यकाळात येते : ‘गेत्मॅलि ओलाजाग़ाम’. मराठीत याला अगदी ठाक बसणारे रूप आहे, ‘मला जावे लागेल’. परिस्थिती बदलली नाही तर, पाऊस थांबला नाही तर, पैसे मिळाले नाहीत तर : अशा अटींच्या मागोमाग हे रूप येते. बाहेरून आलेली जबरदस्तीच ठळक करायची असेल तर अरबीतून आलेला ‘मॅज्बुर’ कामी येतो : ‘गेत्मॅयॅ मॅज्बुराम’, जाणे मला भाग आहे. ‘लाझिम’ने केलेली रचना मात्र मराठी वळणाची आहे : ‘मॅनॅ गेत्मॅक लाझिमदिर’, मला जाणे जरूर आहे. इथे कर्ता ‘मॅनॅ’, म्हणजे चतुर्थीत.

भविष्यकाळ दोन आहेत आणि दैवाच्या संदर्भात दोघांचे काम वेगळे. निश्चित भविष्याचा प्रत्यय -आजाग/-ॲजॅक : ‘गॅलॅजॅक’, तो येईल, येणार. अनिश्चित भविष्याचा -आर/-ॲर : ‘गॅलॅर’, येईल बहुतेक. ‘अनिश्चित’ हे नाव या दुसऱ्या प्रत्ययाला पुरते न्याय देत नाही, कारण सर्वकाळ खरे ठरणारे नियमही तोच सांगतो. ‘पेराल तेच कापाल’ अशा अर्थाच्या म्हणीत, ‘नॅ ॲकॅरसॅन, ओनु दा बिचॅरसॅन’, दोन्ही क्रियापदांना -ॲर आहे. नशिबावर हवाला ठेवून दिलेल्या वचनालाही तोच शोभतो : ‘गिस्मॅत ओल्सा, गॅलॅरिक’, नशिबात असेल तर येऊ. ‘गॅलॅजॅयिक’ म्हटले तर बोलणाऱ्याने स्वतःचा शब्द पणाला लावल्यासारखे होते.

-आजाग/-ॲजॅक हा एकाच वेळी काळाचा प्रत्यय आणि कृदन्त आहे, मराठीतल्या ‘-णार’प्रमाणे. ‘गॅलॅजॅक’ म्हणजे ‘येईल’, ‘येणारा’ आणि नाम म्हणून ‘भविष्य’ही. ‘ओलाजाग’ म्हणजे ‘होणार’ आणि नाम म्हणून ‘होणारी गोष्ट, होणारे’. ‘ओलाजाग़ा चारॅ योख़दुर’ ही त्या भाषेतली रूढ म्हण : होणाऱ्याला इलाज नाही. ‘होणारे न चुके’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती फोड न करता कळावी, कारण दोन्हीकडे दैवाचे नाव न घेता केवळ भविष्यवाचक कृदन्ताने काम भागवले आहे. जुन्या ओगुझ ग्रंथभाषेत भविष्यासाठी -इसार/-इसॅर हा प्रत्यय होता. -आजाग तेव्हा मुख्यतः कृदन्त म्हणून वावरत असे. पुढे त्याने पूर्ण क्रियापदाची जागा घेतली आणि जुना प्रत्यय लोपला.

खऱ्या अर्थाने दैवाचे रूप म्हणता येईल असे जे आहे ते या प्रत्ययाला भूतकाळाचे ‘इदि’ जोडून होते : ‘गेदॅजॅकदि’, तो जाणार होता. ते समजून घ्यायला अझरबैजानच्या इतिहासातले एक चरित्र फार उपयोगी पडते. २८ मे १९१८ रोजी अझरबैजानच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष मम्मद अमीन रसूलझादे होते. एप्रिल १९२० मध्ये लाल सैन्य बाकूत शिरले. रसूलझादे शहर सोडून लाहिज या डोंगरातल्या गावी लपले, पकडले गेले, जुन्या ओळखीमुळे स्टालिनने त्यांना सोडवून मॉस्कोला नेले, आणि १९२२ मध्ये ते फिनलंडमार्गे निसटले. ६ मार्च १९५५ रोजी अंकारात त्यांचे निधन झाले.

हा वृत्तान्त सांगताना चरित्रकारापुढे तीन रूपे असतात. ‘बाकिनि तॅर्क एत्मॅलि इदि’ म्हटले तर ‘त्यांना बाकू सोडायला हवे होते’. सोडले की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘गातार साअत बेश्दॅ गॅल्मॅलि इदि’, गाडी पाचला यायची होती, असे कोणी म्हणाले की ऐकणारा ती आली नाही असेच धरून चालतो. ‘-मॅलि इदि’त ही पोकळी नेहमी असते. ‘बाकिनि तॅर्क एत्मॅलि ओल्दु’ म्हटले की पोकळी भरते : ‘बाकू सोडावे लागले’, म्हणजे भाग पडले आणि सोडलेही. तिसरे वाक्य वेगळ्या जातीचे आहे : ‘बाकिनि बिर दाहा ग्योर्मॅयॅजॅकदि’, बाकू ते पुन्हा पाहणार नव्हते. यात कर्तव्य नाही, सक्ती नाही, रसूलझाद्यांचा बेत तर मुळीच नाही. परतण्याची आस त्यांनी सोडली नव्हती. लेखक १९२० मध्ये उभा राहून १९५५ कडे पाहतो आहे. जे कर्त्याला ठाऊक नव्हते ते सांगणाऱ्याला ठाऊक आहे, आणि या दोन जाणिवांतल्या अंतरालाच वाक्य दैव म्हणते. एरवी ‘गेदॅजॅकदि’ साधा फसलेला बेतही दाखवते : जाणार होता, पण गेला नाही. बेत की विधिलिखित, हे ‘बिर दाहा’ (पुन्हा एकदाही), ‘दहा वर्षांनी’ अशा शब्दांवरून आणि नकारावरून ठरते. मराठीतही ‘जाणार होता’ ही दुहेरी जबाबदारी वाहतो, म्हणून या रूपाचा अनुवाद मराठीत करणे सोपे जाते.

-आसि/-ॲसि हा प्रत्यय व्याकरणात ‘लाझिम’ रूप म्हणून नोंदलेला आहे. ‘गेदॅसियॅम’ : मला जायचे आहे. बोलण्यात एकट्या होकारार्थी क्रियापदापेक्षा तो विशेषणात आणि नकारात अधिक भेटतो. ‘ग्योर्युलॅसि इश चोख़दुर’, करायची कामे पुष्कळ आहेत. नकारात त्याला विलक्षण धार येते : ‘बु इश द्युझॅलॅसि देयिल’, हे काम काही मार्गी लागायचे नाही. ‘ओ, गॅलॅसि देयिल’, तो यायचा नाही. साध्या भविष्यकाळाचा नकार फक्त घटना नाकारतो. हा नकार त्या माणसाच्या किंवा त्या कामाच्या घडणीतच ती गोष्ट नाही असे सांगतो. मराठीतल्या ‘यायचा नाही’, ‘व्हायचे नाही’ या रूपांत नेमका हाच भाव आहे. हिंदी किंवा इंग्रजीच्या वाटेने अझरबैजानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने इथे सरळ मराठीचा आधार घ्यावा.

शब्दसंग्रहातले दैव बव्हंशी अरबीतून आले आहे : ‘गिस्मॅत’, ‘नॅसिब’, ‘ताले’. पहिले दोन मराठीत किस्मत आणि नशीब होऊन केव्हाच रुळले. तुर्की घडणीचा शब्द ‘आलिन याझिसि’, कपाळावरचे लिखित. त्याबरोबर येणारे क्रियापद पाहण्यासारखे आहे. ‘आल्निना याझिलिब’, त्याच्या कपाळी लिहिलेले आहे : धातू कर्मणी, लिहिणारा अनुक्त, आणि प्रत्यय -इब, जो क्रिया पूर्वीच होऊन गेल्याचे व तिचा परिणाम समोर असल्याचे दाखवतो. लिहिताना कोणी पाहिले नाही, लिहिलेले तेवढे आता वाचता येते. हीच जाणीव ‘इमिश’ या साहाय्यकात आहे. ऐकीव किंवा उशिरा उमगलेली गोष्ट ते सांगते. दुःखाच्या प्रसंगी म्हटले जाणारे ‘गिस्मॅत बेलॅ इमिश’ म्हणजे ‘नशिबात असेच होते म्हणायचे’. इथे ‘इदि’ वापरले तर बोलणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होते असा अर्थ डोकावतो आणि सांत्वनाचे वाक्य बिघडते. ‘गेत्मॅलि इमिश’ मध्येही तोच फरक पडतो : त्याला जायचे होते म्हणे, किंवा जायचे होते तर.

या भाषेच्या व्याकरणाचा आधुनिक पद्धतीने विचार करणाऱ्यांत मिर्झा काझिम बेग यांचे स्थान मोठे आहे. रश्त येथे जन्मून दर्बन्दमध्ये वाढलेल्या या पंडिताने कझान विद्यापीठात शिकवत असताना १८३९ मध्ये तुर्की-तातार भाषेचे व्याकरण रशियनमध्ये प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि १८४८ मध्ये जर्मन भाषांतर आले. विसाव्या शतकात भाषेची लिपी अरबीवरून लॅटिन, तिच्यावरून सिरिलिक आणि १९९१ मध्ये पुन्हा लॅटिन अशी बदलत गेली. क्रियारूपांची व्यवस्था मात्र त्याने हलली नाही.

इराणमधली अझरबैजानी आजही अरबी लिपीत लिहितात, आणि अनिवार्यता सांगण्याची तिथली घरगुती रीत ‘गॅरॅक’ या शब्दावर उभी आहे : ‘गॅरॅक गेदॅम’, मला गेले पाहिजे. ‘गॅरॅक’ हा मूळ तुर्की शब्द. त्याच्यामागे क्रियापद इच्छार्थी रूपात येते. फार्सीत ‘बायद’च्या मागे क्रियापदाचे संभाव्य रूप येते, त्याच साच्याची ही रचना आहे. दोन्ही भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात तिथे ती इतकी पक्की का झाली हे त्यावरून समजते. ती इराणपुरतीच आहे असे मात्र नाही. बाकूतही ‘गॅरॅक गेदॅक’ (आपण गेले पाहिजे) सहज ऐकू येते. फरक प्रमाणाचा आणि प्रसंगाचा आहे. कायदे, नियम, वेळापत्रके यांच्या लेखी भाषेत बाकू -मालि/-मॅलि वापरते. घरातल्या बोलण्यात ‘गॅरॅक’लाही जागा राहते.